चोपदाराची दिवेलागण

मी सियागंजातून कंदिलाची काच घेऊन घरी आले, तिथपासून सांगते. त्याआधी आमच्या घरात भिण्यासारखं काही नव्हतं. निदान मला तसं वाटत होतं.

त्रेपन्न सालचा नोव्हेंबर होता. मध्यभारताचं सचिवालय हिवाळ्यापुरतं ग्वाल्हेरला गेलं होतं आणि फायलींच्या पेट्यांबरोबर माझा थोरला भाऊ जयसिंग, आमचा दादा, तोही गेला होता. तेव्हा तसंच चालायचं, राजधानी अर्धं वर्ष ग्वाल्हेरला आणि अर्धं वर्ष इंदूरला. जुन्या इंदुरातल्या आमच्या दोन खोल्यांत मग आम्ही तिघंच उरलो. वडील, म्हणजे आबा, त्यांची चुलत बहीण जनाआत्या, आणि मी. बी.ए. होऊन मला दीड वर्ष झालं होतं. मी मुलींच्या शाळेत शिकवत होते, आणि जगातली निम्मी दुःखं अज्ञानातून येतात, उरलेली आळसातून, असं माझं ठाम मत होतं.

आबा होळकरांच्या दरबारात चोपदार होते. चांदीचा सोटा घेऊन दरवाजाशी उभं राहायचं आणि आत येणाऱ्याचं नाव, किताब, घराणं खणखणीत आवाजात पुकारायचं, हे त्यांचं काम. पुकारल्याशिवाय आत पाऊल नाही. एकदा पुकारलं की तो माणूस आत आला, त्याची जागा झाली. नोकरचाकरांना पुकारत नसत, ते मागच्या दाराने येत आणि जात. दोन-अडीचशे नावं आबांना तोंडपाठ होती. त्यांच्या बापाने आणि आज्यानेही हेच केलं होतं.

अठ्ठेचाळीस साली संस्थान विलीन झालं. त्या दिवशी मी कॉलेजात पेढे वाटले. आबांनी सोटा जमा केला, घरी आले, पाय धुतले आणि म्हणाले, "उद्या किती वाजता जायचंय?" आम्ही हसलो. तो विसरण्याचा पहिला दिवस होता हे कुणाला कळणार?

पुढे चष्मा हरवू लागला, मग सराफ्यातून घरी यायचा रस्ता. मग धोतर कसं नेसायचं ते. उशीखाली भाकरीचे तुकडे सापडायचे. तुकोगंजातल्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, "मेंदू झिजत चाललाय. औषध नाही याला. बोलतं ठेवा, जुनं आठवायला लावा, तेवढंच." मला तेवढं पुरे होतं. मी घरभर पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात नावं लिहून लावली. देश नवा घडतोय, तर एक माणूस सावरता येणार नाही?

पण आबा बोलणार कधी? दिवसभर मी शाळेत, आणि संध्याकाळी घरी यावं तर ते झोपलेले. रोज अगदी दिवेलागणीला. गेले आठ दिवस मला संशय येत होता. त्या दिवशीही काच हातात घेऊन मी दारात उभी राहिले, तर आबा तोंड उघडं टाकून घोरत होते आणि आत्या दुधाची वाटी विसळायला निघाली होती.

"दे इकडे," मी म्हटलं.

"अगं, जूठी आहे ती."

मी वाटी ओढून घेतली. तळाला तपकिरी गाळ होता. माळव्यात जन्मलेल्या माणसाला अफूचा वास शिकवावा लागत नाही. हळदीच्या डब्यात हात घातला तर कागदात गुंडाळलेली गोळी सापडली, सुपारीएवढी.

"आत्या! झोपवून ठेवतेस त्यांना? स्वतःला तरास नको म्हणून?"

"तरास कसला गं, बाई," ती हळू आवाजात म्हणाली. "अठ्ठावीस वर्षं झाली या घरात. मी त्यांचं बुरं चाहीन का?"

"मग हे काय आहे?"

तिने आबांच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं. मग म्हणाली, "दिवसा कितीही जागू देत. तिन्हीसांजेला झोपावेत, बस. झोपलेला माणूस पुकारत नाही."

"पुकारू देत की! डॉक्टरांनी तेच सांगितलंय!"

"डॉक्टर इथे राहतात का?" मग आणखी हळू, "मागच्या महिन्यात यांनी माझ्या मालकांना पुकारलं. पूर्ण नावानिशी, रिसाल्याचे सवार म्हणून. त्या रात्री माझ्या वळकटीवर मला जागा नव्हती, इंदू… मी जमिनीवर निजले."

तिचा नवरा तीस वर्षांपूर्वी गेलेला. मी तिला काय काय बोलले ते आता सांगवत नाही. अंधश्रद्धा म्हटलं, गुन्हा म्हटलं, पोलिसांचंही नाव काढलं. गोळी मी मोरीत टाकली. सकाळच्या मोटारीने ती देवासला भाच्याकडे गेली. जाताना उंबऱ्याला हात लावून म्हणाली, "नाव देऊ नको हो त्यांना तोंडात. सांभाळ."

मला वाटलं, सुटले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आबा जागे होते. मी कंदील लावला, तसे ते उठले. मच्छरदाणीची काठी काढून हातात घेतली, दाराशी गेले, आणि त्यांचा वाकलेला कणा ताठ झाला. मी तीन वर्षांत त्यांना असं पाहिलं नव्हतं.

"बाअदब… निगाह रूबरू…" आवाज गल्लीच्या टोकापर्यंत गेला. "सरदार संताजीराव, तैनात हुजुरात, तशरीफ लाते हैं!"

आणि मग, नियमाप्रमाणे, ते एक पाऊल बाजूला सरकले आणि वाकले. कुणीतरी आत जावं इतका वेळ थांबले.

समोरच्या ओट्यावर बंडूभिया शिवणयंत्र चालवत बसायचा. तो ओरडला, "क्या बात है आबासाहेब! आम्हाला कधी पुकारणार? आम्हीपण गल्लीचे सरदारच!"

मी टाळ्या वाजवल्या. खरंच वाजवल्या. धावत जाऊन वही आणली आणि तारीख घालून नाव लिहिलं. पाठोपाठ विचारलं, "मग आबा? त्यांच्या मागून कोण?"

ही माझी चूक. त्यानंतर रोज मी तीच केली.

रोज संध्याकाळी चार-पाच नावं येत. अडखळले की मी आधार द्यायची. दरबारातली संपली तेव्हा मी नातेवाइकांकडे वळले. डिसेंबर गेला, जानेवारी गेला. वहीत पानं भरत होती, आणि एक गोष्ट मला खटकत होती. ज्याचं नाव संध्याकाळी एवढ्या थाटात पुकारलं, त्याच्याबद्दल सकाळी विचारलं तर आबा काही सांगायचे नाहीत. नुसते आतल्या खोलीकडे बघायचे. मी नावापुढे लिहायची, "विसरले."

फेब्रुवारीत मी आईचं नाव दिलं.

आईला जाऊन सात वर्षं झाली होती. आबांचे ओठ थरथरले. काठी उंच झाली. त्यांनी तिला तिच्या माहेरच्या घराण्यासकट पुकारलं, आणि एवढे खाली वाकले की मला त्यांना धरावं लागेल असं वाटलं. मी रडले. त्या रात्री आतल्या खोलीत शिकेकाई उकळल्याचा वास येत होता, गरम, ओला. आमच्याकडे तेव्हा शिकेकाई नव्हती. शेजारून येत असेल, म्हटलं.

सकाळी मी आईचा फोटो त्यांच्यापुढे धरला. "आबा, ही कोण?"

त्यांनी फोटोकडे पाहिलं, परक्या बाईकडे बघावं तसं. मग आतल्या खोलीकडे पाहिलं आणि ओठांवर बोट ठेवलं.

"हळू बोल," ते म्हणाले. "आत ऐकू जातं…"

मी वहीत लिहिलं, "विसरले." पण ते लिहिताना हात थांबला होता, हे कबूल करते.

संशय माझ्या स्वभावातच आहे. आधी मी आत्यावर घेतला होता, आता मी घरावर घेऊ लागले. मांजर ओट्यावर यायचं, आत यायचं नाही. आतल्या खोलीत चार पावलं टाकायची तर मी नकळत अंग चोरून चालायची, लग्नघरात चालतात तशी. सतरंजी सकाळी झटकून सरळ घालावी, तर दुपारी तिला जागोजाग सुरकुत्या पडलेल्या असत. एके दिवशी बंडूभियाची बायको मंजिरी, जी मी शाळेत असताना आबांवर लक्ष ठेवायची, चाचरत म्हणाली, "इंदूताई, मी ओट्यावरच बसत जाऊ का? आत… घुसमट होते."

"खिडकी उघडत जा ना."

"उघडीच असते हो."

आबांना मात्र बरं वाटत होतं. दिवसा ते लहान मुलासारखे होते. मी त्यांना न्हाऊ घालायची, भात कालवून भरवायची, रात्री तीन-तीनदा ओलं धोतर बदलायची. एकदा त्यांनी भाताची ताटली फेकली म्हणून मी त्यांच्या हातावर मारलं. तो हात त्यांनी किती तरी वेळ छातीशी धरून ठेवला होता. मी पाया पडून रडले, तर माझ्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाले, "कोणी मारलं गं तुला, इंदू?"

इंदू. सगळी गेली होती नावं, पण माझं होतं. शाळेत दिवसभर मी त्या दोन अक्षरांवर काढायची. मला बाकी काही नको होतं. शेवटपर्यंत त्यांनी मला ओळखावं, एवढंच.

एप्रिलमध्ये सचिवालय इंदूरला परतलं आणि दादा आला. त्याला सरकारी क्वार्टर मिळालं होतं. पेट्या टाकून तो तडक आमच्याकडे निघाला. संध्याकाळ होत होती. आबा काठी घेऊन दारात उभे होते. जयसिंगचं नाव मी मार्चमध्येच दिलं होतं, थोरला मुलगा म्हणून, फार लाडाने. ते त्यांनी पुकारलंही होतं.

दादा पायऱ्या चढून वर आला आणि वाकला. आबांनी काठी आडवी धरली.

"आबा, मी जयसिंग."

आबांनी त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. त्यात राग नव्हता. दरबारात तोतया ओळखल्यावर चोपदाराची जी थंड अदब असते, ती होती.

"जयसिंगराव तर केव्हाच आत गेलेत," ते म्हणाले. "आपण कोण?"

दादा हसायला गेला. तेवढ्यात आतून, आतल्या खोलीतून, कुणीतरी खाकरलं. दादा सिगारेट ओढतो, त्याचं खाकरणं वेगळं आहे. दोनदा छोटं, एकदा मोठं. तो माझ्यासमोर होता, त्याचे ओठ मिटलेले होते.

"आत कोण आहे, इंदू?" त्याने विचारलं.

"कोणी नाही."

तो आत आला नाही. ओट्यावरूनच बोलला, आणि माझ्याकडे न बघता. "बस झालं आता. वेड्यांच्या इस्पितळाचा फॉर्म मी आणतो. मेडिकल सर्टिफिकेट मिळेल. तू पढीलिखी पोरगी, तुझी जिंदगी का बरबाद करतेस?"

"तुला सुटका हवीय, दादा. सरळ बोल ना."

"हो, हवीय! तुला नकोय?" मग आवाज खाली आला. "पण मला एक सांग. मी आत्ता दारात उभा होतो ना, तेव्हा मला खरंच वाटलं… की ते बरोबर बोलतायत. मी आत आहे."

त्या रात्री मी वही उघडली. पहिल्या पानापासून वाचली. "विसरले, विसरले, विसरले." सगळीकडे माझंच अक्षर. मी विचारलं की आबा आतल्या खोलीकडे बघायचे. ते विसरत नव्हते. उत्तर देत होते. मी विचारत होते माणूस कुठे आहे, आणि ते रोज दाखवत होते.

जो आत गेला, त्याच्यासारखा दिसणारा दुसरा कुणी दारात आला तर चोपदार त्याला ओळख कशी देणार?

आणि वहीत नाव नव्हतं ते एकाच माणसाचं.

दुसऱ्या दिवसापासून मी नावं विचारणं बंद केलं. पण गाडं उतारावर लागलं होतं, त्यांना आता माझी गरज नव्हती. काठी लपवली तर ते रिकामी मूठ धरून उभे राहिले. दाराला कुलूप घातलं तर बंद दारासमोर उभे राहिले. फिरायला नेलं तर नदीच्या पुलावरून मुलासारखे रडत मागे ओढू लागले, "वेळ झाली, वेळ झाली." आणि रोज सुरुवात तीच.

"बाअदब… निगाह रूबरू… मालोजीराव पिसाळ यांची कन्या, कुमारी…"

मालोजीराव ते स्वतःच. पुढे माझं नाव येणार, तिथे मी त्यांच्या तोंडात गुळाचा खडा घालायची. ते चघळायचे, विसरायचे, झोपायचे. मे महिन्याचे अठरा दिवस मी असे काढले. रोज दिवेलागणीला माझ्या मुठीत गूळ चिकट झालेला असायचा.

एकोणिसाव्या दिवशी गूळ त्यांनी थुंकला. नाव ओठांवर आलं होतं, मी हाताने तोंड दाबलं. त्यांचे डोळे मोठे झाले. माझा बाप मला भ्याला, हे मी पाहिलं. नाव अडलं, पण त्या रात्री मी ठरवलं. जी गोळी मी मोरीत टाकली होती, तीच आणायची.

दुसऱ्या दिवशी सुट्टीचं काम होतं, शाळेत निकालपत्रकं लिहायची होती. मोठ्या बाईंनी सोडेपर्यंत साडेसहा वाजले. ठेक्याच्या दुकानापुढे मी डोक्यावर पदर ओढून उभी राहिले, अफूबंदीवर निबंध लिहून बक्षीस मिळवलेली मी. दुकानदार म्हणाला, "किसके लिये, बहनजी?" मी म्हटलं, "वडिलांसाठी." त्याने मान डोलावली. फार जणी तेच सांगत असाव्यात.

गल्लीच्या तोंडाशी आले तेव्हा कंदील लागले होते. आणि त्यांचा आवाज आला. इतका तरुण आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता.

"…कुमारी इंदिराबाई, तशरीफ लाती हैं!"

मी पळाले. चप्पल तुटली, तशीच पळाले. बंडूभिया यंत्र थांबवून ओट्यावर उभा होता. मला बघून त्याने हातातली पट्टी खाली टाकली.

"इंदूताई…? तुम्ही तर आत्ताच आत गेलात ना?"

मी थांबले नाही. पायऱ्या चढले. आबा वाकलेले होते. हळूहळू सरळ झाले. काठी आडवी झाली.

"आबा," मी म्हटलं. "मी आले."

ते माझ्याकडे बघत होते. त्या नजरेत काहीही नव्हतं हो. ओळख नव्हती, वैर नव्हतं.

"इंदिराबाई आत आहेत," ते म्हणाले. "आपण कोण?"

आत, कंदिलाच्या पलीकडे, काळोख होता. त्या काळोखात कुणीतरी माझ्यासारखा, दमून घरी आल्यावर सोडते तसा, श्वास सोडला.

मला ओरडायचं होतं, मी इंदू, मीच. पण दादाचं मला आठवत होतं. तो नाव सांगून ओट्यावरच राहिला होता. आणि आबांचं धोतर ओलं झालेलं मला दिसत होतं. ते तसेच उभे होते, ताठ, आणि पाय थरथरत होते. त्यांना धुवायला हवं होतं. भरवायला हवं होतं. आतली ती हे करणार होती का?

"कोणी नाही," मी म्हटलं. "कामाला आले."

त्यांचा चेहरा लगेच सैल झाला. त्यांनी काठी खाली घेतली. "मग इकडून कशाला, बाई?" ते मायेने म्हणाले. "मागच्या दाराने ये."

समतेवर मी भाषणं केली होती. मी मागच्या दाराने गेले.

पुढचे तीन आठवडे मी माझ्या घरात मोलकरीण होते. शाळेला सुट्टी होती. आबांना अंघोळ घालायची, कूस बदलायची, पाठीच्या जखमांना तेल लावायचं. त्यांनी अंथरूण धरलं होतं आणि पुकारणं थांबवलं होतं. पुकारायला कुणी उरलंच नव्हतं. मला ते "बाई" म्हणत आणि कधी तक्रार करत नसत. गप्पा मात्र भिंतीकडे तोंड करून चालत. "इंदू, तुझा निकाल लागला का गं?… असं? शाब्बास." मधे थांबून ऐकायचे, हसायचे. मला नुसता त्यांचाच आवाज ऐकू यायचा. मी मुद्दाम मधे बोलले, तर ते दचकून कपाळाला आठ्या घालत, नोकराने मालकांच्या बोलण्यात तोंड घातल्यावर घालतात तशा.

मला तिचा द्वेष वाटायचा. ती कधी उठून त्यांना पाणी देत नव्हती, घाण काढत नव्हती. तिच्या वाट्याला नुसतं कौतुक आलं होतं. खरं सांगू? आजारी माणसाला दुरून भेटायला येणाऱ्या नातेवाइकांचा वाटतो ना, तसा तो द्वेष होता. त्यात भीती थोडीच होती.

शेवटची दुपार जूनमधली. श्वास खरखरायला लागला तशी मंजिरीने दादाकडे माणूस पाठवला. मी गंगाजळाची वाटी आणि चमचा घेऊन जवळ बसले. आबांनी डोळे उघडले.

"इंदू… पाणी…"

मी चमचा ओठांशी नेला. त्यांनी तोंड फिरवलं. भिंतीकडे.

"आबा, घ्या ना."

"तू नको, बाई," ते क्षीणपणे म्हणाले. "माझी मुलगी देते."

मग त्यांनी ओठ उघडले. घसा हलला. एक घोट, दुसरा घोट. पांढऱ्या मिशीवरून थेंब ओघळून हनुवटीवर आले. मी माझ्या हाताकडे पाहिलं. चमचा काठोकाठ भरलेला होता. वाटीही भरलेली होती.

ते समाधानाने गेले. तसं समाधान मी कुणाच्याही चेहऱ्यावर पाहिलं नाही पुन्हा.

दादा आला तेव्हा मी तोंड पुसून बसले होते. पाण्याचं मी त्याला सांगितलं नाही. मंजिरी दारात होती, तिला भिंतीकडची बाजू दिसत नव्हती. कुणालाच सांगितलं नाही. तेराव्यानंतर खोल्या मालकाला परत केल्या, त्याने कुलूप घातलं, आणि मी तुकोगंजात शिक्षिकांच्या बिऱ्हाडात एक खाट घेतली. त्या खोल्यांना अजून भाडेकरू मिळालेला नाही. लोक येतात, दारातून बघतात, आणि जागा लहान आहे म्हणतात.

नोव्हेंबरात सचिवालय पुन्हा ग्वाल्हेरला गेलं. मी दादाला एक पत्र टाकलं, त्याच्या गरम कोटाबद्दल, चार ओळींचं. डिसेंबरात त्याचं उत्तर आलं.

"चि. इंदू, तुझी दोन्ही पत्रं मिळाली. आबांच्या शेवटच्या दुपारचं वाचून ऑफिसात बसून रडलो. तुझ्या हातचं पाणी पिऊन गेले, हे तू तेव्हाच का सांगितलं नाहीस?"

मी उलट टपाली ते दुसरं पत्र मागवून घेतलं. हे बघा. शिक्का जुन्या इंदूरच्या डाकघराचा आहे. अक्षर माझं आहे, 'श' ची गाठ मी अशीच घालते. तीन पानं आहेत. घरी सगळे मजेत आहेत, आई तुझी आठवण काढत नाही कारण तू इथेच आहेस, असं काहीबाही आहे. ते मी पुन्हा वाचत नाही. शेवटचा परिच्छेद मात्र मला पाठ झालाय.

"दादा, शेवटचे तीन आठवडे एक बाई कामाला येत होती. मागच्या दाराने यायची. आबांचं फार केलं तिने, रात्र रात्र बसून राहायची, आणि ते गेले तेव्हा माझ्यापेक्षा तीच जास्त रडली. तिला लुगडं तरी द्यायला हवं होतं. पण तिचं नाव घरात कुणालाच ठाऊक नाही. तुला कळलं, तर कळव. मी तिला आत बोलावून घेईन."